घाना २०२४: घरी बसलेल्या मतदारांनी ठरवलेली निवडणूक

८ डिसेंबर २०२४, रविवार. घानात आदल्या दिवशी मतदान झालं होतं आणि अध्यक्षपदाचा अधिकृत निकाल निवडणूक आयोगानं अजून जाहीर केला नव्हता. तरी सकाळीच सत्ताधारी पक्षाचे उमेदवार आणि उपाध्यक्ष महामुदु बाउमिया पत्रकारांसमोर आले. लोकांनी बदलाला कौल दिला आहे, विरोधी उमेदवार जॉन महामांना फोन करून मी अभिनंदन केलं आहे, असं सांगून ते मोकळे झाले. आयोगाची घोषणा त्यानंतर दुसऱ्या दिवशी आली. सत्तेतला पक्ष निकालाची वाट न पाहता हार मान्य करतो, हे आफ्रिकेतच काय, कुठेही रोज घडत नाही. म्हणून जगभर या गोष्टीचं कौतुक झालं.

कौतुक रास्तच होतं. पण त्या गडबडीत निकालाच्या आकड्यांकडे फारसं कुणी बारकाईनं पाहिलं नाही. महामांना साधारण साडेछप्पन्न टक्के मतं मिळाली, बाउमियांना पावणेबेचाळीस. घानाच्या हिशेबात ही लाटच. २०२० मध्ये हेच महामा तेव्हाचे अध्यक्ष नाना अकुफो-आडो यांच्याकडून ४७.४ विरुद्ध ५१.३ टक्क्यांनी हरले होते. म्हणजे चार वर्षांत लाखो लोक एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे गेले, असं सहज वाटतं.

आता टक्के बाजूला ठेवून मतं मोजू. २०२० मध्ये हरलेल्या महामांची मतं होती सुमारे ६२ लाख. २०२४ मध्ये जिंकताना ती झाली सुमारे ६६ लाख. वाढ चार लाखांच्याही आत. दुसरीकडे सत्ताधारी न्यू पॅट्रिऑटिक पार्टीची, म्हणजे एनपीपीची, मतं ६७ लाखांवरून ४९ लाखांवर आली. अठरा लाखांहून जास्त मतं गेली आणि त्यातली बहुतेक विरोधी नॅशनल डेमोक्रॅटिक काँग्रेसला, म्हणजे एनडीसीला, मिळालीच नाहीत. इतर सगळ्या किरकोळ उमेदवारांची बेरीज केली तरी हा खड्डा भरत नाही. मतदार यादी या काळात १ कोटी ७० लाखांवरून १ कोटी ८८ लाखांच्या घरात गेली, आणि मतदान मात्र ७९ टक्क्यांवरून ६४ टक्क्यांवर घसरलं. यादी वाढूनही प्रत्यक्ष मत टाकणारे चौदा लाखांच्या आसपास कमी झाले.

या निवडणुकीबद्दल माझं म्हणणं एवढंच: महामांना निवडून आणण्यात त्यांच्या मतदारांइतकाच वाटा एनपीपीच्या त्या मतदारांचा आहे, जे त्या शनिवारी घराबाहेर पडले नाहीत. ते का पडले नाहीत, हे पाहिलं की घानातलं मतदान कशावर चालतं तेही बरंच उलगडतं.

आठ वर्षांचं पाळीपाळीचं राज्य

घानाचं आजचं प्रजासत्ताक १९९२ च्या राज्यघटनेवर उभं आहे. दोन वेळा लष्करी बंड करून सत्तेवर आलेले जेरी रॉलिंग्ज त्या वर्षी एनडीसी हा पक्ष काढून निवडणुकीला उभे राहिले, जिंकले, १९९६ ला पुन्हा जिंकले. घटनेनं अध्यक्षाला दोनच कार्यकाळ दिले आहेत, ते संपल्यावर रॉलिंग्ज पायउतार झाले. २००० मध्ये एनपीपीचे जॉन कुफुओर आले, त्यांनी आठ वर्षं केली. २००८ मध्ये एनडीसी परतली, पण कशी? दुसऱ्या फेरीत जॉन अटा मिल्स यांनी अकुफो-आडोंना अखेर अवघ्या ४०,५८६ मतांनी हरवलं. ताईन नावाच्या एका मतदारसंघातलं मतदान राहिलं होतं, ते नव्या वर्षात घेतलं आणि मगच निकाल लागला. मिल्स २०१२ च्या जुलैत वारले, उपाध्यक्ष महामा अध्यक्ष झाले, त्याच डिसेंबरात निवडूनही आले. २०१६ मध्ये ते हरले, कारण वीज. सतत जाणाऱ्या-येणाऱ्या दिव्यांना लोकांनी ‘डुमसोर’ हे नाव दिलं होतं आणि महामांना ते चिकटलं.

म्हणजे १९९२ पासून कुठल्याच पक्षाला सलग तिसरा कार्यकाळ मिळालेला नाही. २०२४ मध्ये एनपीपीनं घोषणाच दिली: ‘ब्रेकिंग द एट’, आठाचा फेरा मोडायचा. इतिहासाशी पैज लावणारी घोषणा प्रचारात चढवायला बरी असते, पण इथे तिनं विरोधकांचं काम सोपं केलं. तुमची आठ वर्षं झाली, हे सत्ताधारी पक्षच रोज मतदाराला आठवून देत होता.

वर्ल्ड बँक कुणाची

आफ्रिकेतली निवडणूक म्हटली की जमात, हे आपल्याकडचं ठरलेलं उत्तर. विधानसभेच्या प्रत्येक निकालानंतर जातीचं गणित मांडणाऱ्या आपल्याला ते पटकन पटतंही. घानात त्यात तथ्य आहे. कुमासीभोवतीचा अशांती प्रदेश एनपीपीचा बालेकिल्ला, पूर्वेकडचा एवे लोकांचा व्होल्टा प्रदेश एनडीसीचा. या बालेकिल्ल्यांना तिथले राजकारणी ‘वर्ल्ड बँक’ म्हणतात: मतं कमी पडली की इथून काढायची. पण नुसत्या बालेकिल्ल्यांवर घानात कुणी अध्यक्ष होत नाही. आकान भाषासमूह जवळपास निम्मा असला तरी तो एकसंध नाही. अशांती वेगळे, किनाऱ्यावरचे फांटे वेगळे, अकुफो-आडो ज्यांच्यातले ते अच्येम वेगळे. फांटेबहुल सेंट्रल प्रदेश आणि राजधानीचा ग्रेटर अक्रा कधी इकडे, कधी तिकडे जातात. अध्यक्षपदाला निम्म्याहून एक मत जास्त लागतं, त्यामुळे दोन्ही पक्षांना स्वतःच्या घराबाहेर हात पसरावाच लागतो. एनडीसीनं उपाध्यक्षपदासाठी सेंट्रल प्रदेशातल्या प्राध्यापक जेन नाना ओपोकू-अग्येमांग यांना घेतलं ते यासाठीच. त्या घानाच्या पहिल्या महिला उपाध्यक्ष झाल्या.

२०२४ ची गंमत अशी की दोन्ही मुख्य उमेदवार उत्तरेचे होते. महामा बोलेचे, गोंजा समाजातले, ख्रिस्ती. बाउमिया वालेवालेचे, माम्प्रुसी, मुसलमान. एनपीपीनं पहिल्यांदाच आकान नसलेला आणि मुसलमान माणूस अध्यक्षपदाला उभा केला होता. देशात मुसलमान साधारण वीस टक्के, ख्रिस्ती सत्तरच्या वर. पक्षांतर्गत निवडणुकीत बाउमियांना ६१ टक्के मतं पडली, पण केनेडी अग्यापाँग यांनी ३७ टक्के घेतली, आणि जुने मंत्री ॲलन क्येरेमॅटेन त्याआधीच पक्ष सोडून गेले होते. अशांतीची समजूत काढायला म्हणून कुमासीचे मॅथ्यू ओपोकू प्रेम्पे जोडीला दिले गेले. ते उद्धट बोलतात, अशी कुजबुज प्रचारभर चालूच राहिली.

मग अशांतीनं बाउमियांना ‘आपला माणूस नाही’ म्हणून नाकारलं का? कुमासीतल्या मतदान केंद्रांवरच्या छोट्या रांगा पाहून अनेकांनी हाच निष्कर्ष काढला. तो अर्धाच बरोबर आहे, असं मला वाटतं. बाउमियांचा धर्म आणि प्रदेश एवढंच कारण असतं, तर एनपीपीचे खासदार वाचायला हवे होते. घानाचा मतदार अध्यक्षाला एका पक्षाचं आणि खासदाराला दुसऱ्या पक्षाचं मत सर्रास देतो. याला तिथे ‘स्कर्ट अँड ब्लाउज’ म्हणतात. बाउमिया नको, पण आमचा खासदार हवा, असं म्हणायची सोय मतपत्रिकेतच होती. ती कुणी फारशी वापरली नाही. २०२० मध्ये संसदेत दोन्ही पक्ष १३७-१३७ असे अडकले होते. २०२४ मध्ये २७६ जागांपैकी एनपीपीकडे नव्वदही उरल्या नाहीत. आकान प्रदेशातले आकान खासदारसुद्धा पडले. राग उमेदवारापुरता नव्हता, पक्षावर होता.

जमात एवढं मात्र ठरवते: रागावलेला अशांती मतदार एनडीसीला मत देत नाही. रॉलिंग्जच्या काळापासूनचा अविश्वास, घरातली परंपरा, शेजारीपाजारी काय म्हणतील याचा दाब, हे सगळं त्याला पलीकडे जाऊ देत नाही. मग त्याच्या हातात एकच हत्यार उरतं. तो केंद्रावर जात नाही. व्होल्टातल्या मतदारानंही मागे हे केलं आहे. २०१६ मध्ये महामांच्या पराभवात त्यांच्याच बालेकिल्ल्यातल्या थंड मतदानाचा हात होता.

सेडी, निवृत्तीवेतन आणि मोबाईलवरचा कर

आता मुख्य कारणाकडे. १९ डिसेंबर २०२२ ला घानानं आपल्या बहुतांश परकीय कर्जाची परतफेड थांबवली. देश थकबाकीदार झाला. त्या महिन्यात महागाईचा दर ५४.१ टक्के होता. वर्षाच्या सुरुवातीला डॉलरला सहाच्या आसपास असलेला सेडी, म्हणजे घानाचं चलन, त्या वर्षात काही काळ पंधराच्याही पलीकडे घसरला. मे २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं ३ अब्ज डॉलरचा कार्यक्रम मंजूर केला. सरकार सांगत होतं की कोविड आणि युक्रेन युद्धामुळे हे झालं. त्याचा वाटा होताच, पण त्याआधीच्या वर्षांत बेफाम कर्ज काढलं कुणी, हे लोकांना ठाऊक होतं.

कर्जाची पुनर्रचना करताना सरकारनं देशातल्या रोखेधारकांनाही हात घातला. ज्यांनी आयुष्यभराची पुंजी सरकारी रोख्यांत ठेवली होती, त्यांना व्याज कमी आणि मुदत जास्त असे नवे रोखे घ्यायला सांगितलं. निवृत्त लोक अर्थ मंत्रालयाबाहेर येऊन बसले. माजी सरन्यायाधीश सोफिया अकुफो त्या रांगेत होत्या. हे दृश्य घानातल्या मध्यमवर्गानं विसरण्यासारखं नव्हतं, आणि हा मध्यमवर्ग म्हणजे एनपीपीचा पारंपरिक आधार: नोकरदार, व्यापारी, शहरी शिकलेला माणूस. मंत्रालयाच्या दारात बसलेल्यांत एनपीपीला वर्षानुवर्षं मत देणारेही होते.

दुसरा घाव ‘ई-लेव्ही’चा. मे २०२२ पासून मोबाईलवरून पैसे पाठवण्यावर दीड टक्का कर लागला. घानात बँकेचं तोंड न पाहिलेली बाजारातली बाई मोबाईलवरूनच पैसे फिरवते. गावाकडे आईला पैसे पाठवण्यावर सरकार हात मारतंय, ही भावना झाली. या कराच्या विधेयकावरून डिसेंबर २०२१ मध्ये संसदेत खासदारांची हाणामारी झाली होती. पुढे दर एक टक्क्यावर आला, राग काही उतरला नाही.

अर्थमंत्री केन ओफोरी-अट्टा अध्यक्षांचे नातलग. त्यांना काढा, म्हणून सत्ताधारी पक्षाचेच खासदार उठले होते, तरी ते २०२४ च्या फेब्रुवारीपर्यंत खुर्चीवर राहिले. अक्रात राष्ट्रीय कॅथेड्रलसाठी मोक्याच्या जागेवरच्या इमारती पाडल्या गेल्या, कोट्यवधी डॉलर खर्च झाले आणि तिथे मोठा खड्डा तेवढा राहिला. विरोधकांना वेगळं पोस्टर छापायची गरजच नव्हती.

आणि या सगळ्यात उमेदवार कोण? बाउमिया. मध्यवर्ती बँकेचे माजी उपगव्हर्नर आणि सरकारच्या अर्थव्यवस्थापन गटाचे प्रमुख. विरोधात असताना ते महामा सरकारला आकडेवारीनिशी झोडपायचे. अर्थव्यवस्थेचा पाया कच्चा असेल तर चलनाचा दर तुम्हाला उघडं पाडेल, हे त्यांचं वाक्य तेव्हा गाजलं होतं. सेडी कोसळला तेव्हा ते वाक्य रोज त्यांच्याच तोंडावर मारलं गेलं. यातून सुटायला त्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये एक उपमा वापरली: उपाध्यक्ष म्हणजे गाडीवरचा ‘मेट’, गाडी चालवतो तो ड्रायव्हर. घानातल्या ट्रोट्रो मिनीबसवर दार उघडणारा, भाडं घेणारा पोऱ्या म्हणजे मेट, आपल्याकडच्या टेम्पोवरचा क्लीनर. बाउमियांना म्हणायचं होतं, मला स्टिअरिंग द्या, मग बघा. लोकांनी ऐकलं ते एवढंच की गाडी खड्ड्यात गेली तेव्हा हे गाडीतच होते.

बाउमियांकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं असं नाही. ‘घाना कार्ड’ हे राष्ट्रीय ओळखपत्र, मोबाईल पैशांची आंतरजोडणी, घरांना डिजिटल पत्ते, या कामांत त्यांचा हात होता. एनपीपीनं २०१७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत केलं होतं, आणि ती योजना खरोखर लाखो घरांत पोचली. पण ती २०२० ला मतं देऊन चुकली होती. २०२४ पर्यंत महामाही ती चालूच ठेवू म्हणत होते. हाती आलेल्या गोष्टीसाठी दुसऱ्यांदा कुणी रांगेत उभं राहत नाही.

गॅलमसे आणि कोको

बेकायदा सोन्याच्या खाणींना घानात ‘गॅलमसे’ म्हणतात. प्रा, अंकोब्रा या नद्या गढूळ लाल-तपकिरी झाल्या, पाणीपुरवठ्याचे प्रकल्प अडखळले, कोकोच्या बागा खणल्या गेल्या. अकुफो-आडोंनी २०१७ मध्ये या प्रश्नावर आपलं अध्यक्षपद पणाला लावण्याची भाषा केली होती. २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तरुण अक्राच्या रस्त्यावर होते, काहींना अटक झाली.

पण हा मुद्दा मतांत कसा उतरतो, ते सरळ नाही. सरकारनं सैनिक पाठवून खाणींवर कारवाई केली, तेव्हा खाणपट्ट्यात रोजगार गमावलेले तरुण आणि त्यांची घरं उलटली; २०२० मध्ये एनपीपीच्या काही जागा त्यापायी गेल्या, असं पक्षातच बोललं जात होतं. मग कारवाई ढिली पडली तर शहरं चिडली. शिवाय यंत्रांमागचे मालक सत्तेतल्याच लोकांच्या ओळखीचे, हा संशय सगळीकडे. दोन्हीकडून मार खाण्याची ही दुर्मीळ कामगिरी एनपीपीनं केली. एनडीसीनं मात्र या प्रश्नावर जपून, मोघम बोलणं पसंत केलं. खाणीत काम करणाऱ्या पोराचंही मत तिला हवं होतं.

कोकोचं दुखणं सोपं होतं. २०२४ मध्ये जगात कोकोला विक्रमी भाव होता, पण घानात शेतकऱ्याचा भाव सरकारी कोको मंडळ ठरवतं आणि माल आधीच विकलेला असतो. जागतिक भाव चढत असताना शेतकरी जुन्या दरानं विकत होता किंवा पोती चोरून सीमेपार पाठवत होता. सप्टेंबरात सरकारनं दर जवळपास ४५ टक्क्यांनी वाढवून टनाला ४८,००० सेडी केला. निवडणूक तीन महिन्यांवर होती, आणि शेतकऱ्याला कॅलेंडर वाचता येतं.

गुलाबी कागद

बाउमियांचं रविवारचं अभिनंदन फक्त मनाच्या मोठेपणानं घडलं, असं म्हणणं घानाच्या यंत्रणेवर अन्याय करणारं होईल. आपल्याकडे यंत्रं सीलबंद होऊन मोजणी केंद्रावर जातात आणि दिवस ठरवून मोजणी होते. घानात मत कागदावर अंगठा उमटवून देतात, बोटांचे ठसे यंत्रावर पडताळून मगच मतपत्रिका मिळते, आणि पाच वाजता मतदान संपलं की त्याच केंद्रावर, जमलेल्या गर्दीसमोर, एकेक मतपत्रिका उंच धरून मोजणी होते. निकाल ज्या फॉर्मवर लिहितात त्याला ‘पिंक शीट’ म्हणतात. पक्षांचे प्रतिनिधी त्यावर सही करतात, प्रत घेतात, फोटो काढून पक्ष कार्यालयाला धाडतात. देशात अशी चाळीस हजारांहून अधिक केंद्रं आहेत. म्हणजे आयोग बोलायच्या आधी, त्याच रात्री, दोन्ही पक्षांना आपण कुठे आहोत ते कळलेलं असतं. शिवाय ‘कोडेओ’ ही नागरी निरीक्षकांची आघाडी नमुना केंद्रांवरून स्वतंत्र बेरीज करते.

या कागदाचं महत्त्व एनडीसी ठेच लागून शिकली. २०१२ च्या निकालाविरुद्ध एनपीपी सर्वोच्च न्यायालयात गेली तेव्हा सारा खटला पिंक शीटांवर चालला आणि ५ विरुद्ध ४ असा महामांच्या बाजूनं निकाल लागला. २०२० नंतर महामा कोर्टात गेले आणि हरले. स्वतःची पक्की बेरीज त्यांच्या पक्षानं मांडली नाही, अशी टीका तेव्हा झाली. २०२४ मध्ये आयोगाच्या अध्यक्ष जीन मेन्सा यांच्यावर एनडीसीचा विश्वास नव्हता, सप्टेंबरात मतदार यादीच्या तपासणीसाठी देशभर मोर्चे निघाले होते. त्यामुळे या वेळी केंद्राकेंद्रावर माणूस बसवण्याला एनडीसीनं प्रचाराइतकंच महत्त्व दिलं. दुसरीकडे, मतदारच कमी आल्यानं एनपीपीकडेही लढण्यासारखे कागद नव्हते. फरक चाळीस हजारांचा असता तर रविवारची सकाळ वेगळी उजाडली असती, हे मानायला हरकत नाही.

सगळं शांततेत झालं असंही नाही. काही ठिकाणी माणसं मेली. काही मतदारसंघांत जमावानं निकालांची बेरीज होते त्या संकलन केंद्रांवर हल्ले केले, निकाल जाहीर झाले, नाकारले गेले, पुन्हा बेरजा झाल्या, प्रकरणं कोर्टात गेली.

उरलेली मतं

७ जानेवारी २०२५ ला महामांनी शपथ घेतली. एप्रिलमध्ये ई-लेव्ही रद्द झाला. त्या वर्षी सेडी झपाट्यानं वधारला आणि काही महिन्यांत डॉलरला दहा-साडेदहापर्यंत आला. सोन्याचा चढा भाव त्यांच्या मदतीला होता. गॅलमसे थांबली नाही.

संसदेत एनडीसीकडे दोन-तृतीयांश जागा आहेत. त्या जागांमागचं बळ जागांच्या आकड्याएवढं नाही. १ कोटी ८८ लाखांच्या यादीत ६६ लाख मतं म्हणजे दर तीन मतदारांमागे जेमतेम एकाचा होकार. २०२० च्या पराभवात मिळालेल्या मतांपेक्षा ती थोडीशीच जास्त आहेत. एनपीपीनं पराभवाची कारणं शोधायला माजी सभापती माइक ओक्वाये यांची समिती नेमली. पण गेलेले अठरा लाख शोधायला फार लांब जायला नको होतं; त्यातले बरेच अशांती आणि ईस्टर्न प्रदेशांत, आपापल्या घरीच आहेत, आणि एनडीसीचे झालेले नाहीत. २०२८ मध्ये ते परत केंद्रावर येतील की नाही, यावर पुढचं गणित आहे. महामांना तेव्हा स्वतः उभं राहता येणार नाही, घटनेनं दिलेले त्यांचे दोन्ही कार्यकाळ संपलेले असतील. एनडीसीलाही मग दुसऱ्या कुणाला तरी पुढे करून मतं मागावी लागतील.